जॅक्सन पॉइंटचा राबर्ट सायब

स्वप्नाली: "…अत्यंत हसतमुख, मनमिळाऊ आणि परोपकारी असे व्यक्तिमत्त्व काळाच्या पडद्याआड गेले आहे. त्यांच्या जाण्याने आमच्या टॅक्सी स्टँडवर कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे." एवढं लिहून झालंय. कसं वाटतंय, आत्या?

बनुबाई: चांगलं हाय की. कोन वारलंय?

स्वप्नाली: असं काय करता, आत्या? उस्तादकाकांवरच लिहिलंय. उद्या दहाव्याच्या सभेत पप्पा वाचणार आहेत.

बनुबाई: मला वाटलं, तुज्या साताऱ्यातलं कुनीतरी मोटं मानूस गेलं. मनमिळाऊ कवा हुते गं ते? सकाळचा च्या पोटात पडंस्तवर बायकूसंगं बी बोलायचे न्हाईत.

अर्जुना: ती गाडीची सवय, वैनी. आधी इंजिन गरम हुऊ द्यायचं, मग गिअर टाकायचा.

स्वप्नाली: मग तुम्हीच सांगा, पप्पा. स्टँडवरच्या मानसिंगकाकांनी सगळ्यांना कळवलंय, उद्या पुढाऱ्यांची भाषणं नकोत, एकटा अर्जुना बोलेल. मी लायब्ररीत रजा टाकून साताऱ्याहून त्यासाठीच वर आलेय. तुम्ही बोला, मी मोबाइलवर लिहून घेते.

अर्जुना: बरं, घे. "नमस्कार मंडळी. मी अर्जुना. उस्तादांचा पैला चेला. आमचं मूळ गाव पाटणच्या वर, कोयनेच्या आंगाला. आईबाप लवकर गेलं. मिसरूड फुटायच्या आधी मी महाबळेश्वरला आलो आन टुरिस्टांची घोडी धरायला लागलो. घोड्यावर बसायचं टुरिस्टानं, संगं पळायचं मी. पावसाळा लागला, घोडेवाला घोडी घिऊन खाली वाईकडं उतरला आन मला हितंच सोडून गेला. तवा उस्तादांनी मला ह्या घरात आणलं. गाडी शिकवली. बोलायला शिकवलं."

बनुबाई: हां, हे खरं. भिजल्या मांजरावानी दारात उबा हुता. अमृत तवा पोटात बी न्हवता माज्या.

स्वप्नाली: छान आहे, असंच बोला. फक्त सगळ्यात वर त्यांचं नाव यायला हवं. कैलासवासी अमुक अमुक. तेवढी जागा मी मोकळी सोडलीय. खरं सांगू का, मला लाज वाटतेय, पण मी लहानपणापासून उस्तादकाकाच म्हणत आलेय. त्यांचं नाव काय?

अर्जुना: उस्तादच लिही.

स्वप्नाली: ते टोपणनाव झालं. खरं नाव विचारतेय, पप्पा.

अर्जुना: सगळा स्टँड उस्ताद म्हणतो. मानसिंगनं फ्लेक्स बी तसाच छापून आणलाय. वर "आमचे उस्ताद", खाली फोटू. कुणाची चूकभूल व्हायची न्हाई.

स्वप्नाली: आत्या, तुम्ही सांगा बरं.

बनुबाई: मी कशी सांगू? आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत.

स्वप्नाली: आता कोण पाळतं हे?

बनुबाई: कुनी पाळू दे न्हाईतर सोडू दे. लगनात उखान्यात एकदा घेतलेलं, ते बी रडत रडत. त्यावर आता पन्नास वर्सं तोंडाला वळन पडलंय. ते काय आज मोडतंय व्हय?

स्वप्नाली: मग पप्पा, तुम्ही तरी सांगा.

अर्जुना: पाऊस वाढला वाटतं. गाडीवरचं प्लास्टिक बघून येतो.

बनुबाई: बस खाली. प्लास्टिकला काय धाड भरत न्हाई. तू सांगतोस का मी सांगू पोरीला?

अर्जुना: वैनी, ऱ्हाऊ द्या.

बनुबाई: किती दिस लपिवनार? तिला बी लेकरू हुईल आता येत्या सालाला, तरी तू लपिवतच बसशील.

स्वप्नाली: काय लपवताय?

बनुबाई: तुजा बाप तुला जेवाय कसं बोलावतो गं?

स्वप्नाली: कसं म्हणजे? "पोटात घालून घे" म्हणतात. नाहीतर "दोन घास खा".

बनुबाई: आनि तू साताऱ्याला निगतीस तवा?

स्वप्नाली: "निघ आता, उशीर होईल." "पोचलीस की फोन लाव."

बनुबाई: कवा जेव म्हनलाय? कवा जा म्हनलाय?

स्वप्नाली: नाही म्हणालेत. आता तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात आलं. मला वाटायचं, पाटणकडं असंच बोलतात.

बनुबाई: पाटनची मानसं काय जेवत न्हाईत व्हय? अगं, त्याची जीब अडती. शब्दाच्या तोंडाशी आलं की, त्या एका अक्षराला. आता एकालाच ऱ्हायलीय, आला तवा तर सगळ्यालाच अडायची. नाव काय तुजं, म्हनून इचारलं तर अ अ करत डोळं पांढरं व्हायचं. घोडेवाल्यांची पोरं नक्कल करून करून लय छळायची. ह्येंनी घरी आनला तवा मी म्हनलं, आवं, मुकं पोरगं आनलंय का काय.

अर्जुना: मुका नव्हतो, वैनी. बोलायचं भ्या वाटायचं.

बनुबाई: तेच की रं.

स्वप्नाली: पण पप्पा, तुम्ही तर दिवसभर टुरिस्टांशी बोलता. पॉइंटवर दुसऱ्या गाड्यांची माणसं तुमच्याभोवती येऊन उभी राहतात. मी स्वतः पाहिलंय.

अर्जुना: ती उस्तादांची करामत, पोरी. हे लिही वाटलं तर. पावसाळ्यात धंदा बंद, गाड्या उभ्या. उस्ताद मला अँबॅसिडरमध्ये शेजारी बसवायचे आन वायपर लावायचे. वायपर हिकडं आला की एक शब्द, तिकडं गेला की दुसरा. समोर. बघा. खोल. दरी. एवढंच. शब्द अडला तर उस्ताद थांबायचे. माझ्या तोंडाकडं बघायचे न्हाईत, रागवायचे न्हाईत, काचंतनं बाहीर बघत बिडी वडायचे. शब्द निघाला की मान हलवायची आन म्होरं चला. असं दोन पावसाळं गेलं.

बनुबाई: आनि बॅटरी? गाडी हुती शेटची. बॅटरी उतरली म्हनून शेटनं दारात यिऊन तमाशा केला. ह्येंनी त्याला सांगितलं, उंदरानं वायर खाल्ली.

अर्जुना: शेठनं उंदराचा पिंजरा पाठवला हुता की.

बनुबाई: तो आजून हाय माळ्यावर.

स्वप्नाली: हे सगळं घालू या. आणि राबर्ट साहेबाची गोष्ट तर हवीच. उस्तादकाका म्हटलं की तीच गोष्ट आठवते सगळ्यांना. घोडा कड्यावरून घसरला आणि साहेब धुक्यात लगाम धरून बसून राहिला, हात सोलून निघाले तरी सोडला नाही. फक्त एक मला कधीच कळलं नाही. पॉइंट जॅक्सन साहेबाच्या नावाचा, पाटीवर जॅक्सन, मग गोष्ट राबर्टची कशी? इंटरनेटवर सुद्धा लोकांनी राबर्टच लिहिलंय.

अर्जुना: पाटीवरच्या सायबाचा मेव्हणा हुता त्यो. सायब रजेवर इलायतंला गेला हुता, घोडा मेव्हण्याच्या ताब्यात हुता.

बनुबाई: मेव्हना. अरं देवा.

अर्जुना: हसता कशाला, वैनी?

बनुबाई: कसला मेव्हना रं? मूळ गोष्ट त्या पाटीवरल्या सायबाचीच. म्हातारी मानसं तशीच सांगायची, ह्येंनी बी तशीच सांगितली आदी. पर तुला त्या सायबाचं नाव निगंना. टुरिस्ट बसल्याला मागं, आनि तू स्टेरिंगवर घामाघूम. दुसरा कोन असता तर म्हनला असता, तुला न्हाई जमायचं, तू आपल्या गाड्या धू. हे घरी आले, भाकरी खाल्ली, आनि बसल्या बसल्या सायबच बदलला. मला म्हनले, बने, मेव्हना चालंल का? मी म्हनलं, चालंल.

अर्जुना: वैनी, थट्टा नगा लावू. उस्ताद मला सोता म्हणाले, अर्जुना, मी इतके दिस चुकीचं सांगत हुतो, आता नीट कळलं, सायबाचं नाव राबर्ट. माझीच चूक हुती म्हणाले.

बनुबाई: म्हनलेच असतील.

अर्जुना: चाळीस वर्सं मी त्यो खरा म्हणून सांगत आलोय. हात सोलल्याचं सांगताना माझ्या डोळ्यात पाणी येतंय दर टायमाला.

बनुबाई: येऊ दे की. आनि नुसता तूच राबर्ट म्हनला असतास तर खोटा ठरला असतास. म्हनून सगळ्या स्टँडला तेच सांगाय लावलं. एकट्या मानसिंगला ठावं हुतं. तो बी कवा बोलला न्हाई.

स्वप्नाली: म्हणजे पप्पांना एक नाव घेता येईना, म्हणून सगळ्या महाबळेश्वरचा इतिहास बदलला?

बनुबाई: इतिहास कसला, गोष्ट बदलली. आनि तेवडंच न्हाई. तुजं नाव काय ठरलेलं ठावं हाय का? तुज्या आजीनं, म्हंजी तुज्या आईच्या, मंगलच्या आईनं, जयश्री ठरीवलेलं. पेढं तेवडं वाटायचं बाकी हुतं. पाळन्यात घालायच्या आदी ह्येंनी मला चुलीपाशी बोलावलं. म्हनले, त्या नावानं बापाला लेकीला हाक मारता यायची न्हाई. अर्जुनाला भन न्हाई, म्हनून आत्याच्या जागी मीच हुते. कानात कुर्र केलं आनि सांगून टाकलं, स्वप्नाली. आदल्या दिशी त्येंच्या गाडीत एक टुरिस्टाची पोरगी हुती, तिचं नाव. मंगलची आई म्हैनाभर माज्यासंगं बोलली न्हाई.

स्वप्नाली: पप्पा, तुम्हाला माहीत होतं हे?

अर्जुना: हुतं. बारशाच्या दिवशी उस्ताद मला पाळण्यापाशी घिऊन आले, म्हणाले, मार हाक. मी मारली. एका दमात निघाली. त्या दिवसापास्नं उगाचच हाका मारतो तुला. काम नसलं तरी.

स्वप्नाली: हाक मारता आणि मी आले की "काही नाही" म्हणता. मला वाटायचं, तुम्हाला विसरायला होतंय.

अर्जुना: विसरत न्हाई.

स्वप्नाली: थांबा, मला दिसेना झालंय नीट. हां. आता कळलं मला कसं लिहायचं ते. त्या अक्षरानं सुरू होणारा शब्द कुठंच येणार नाही असं भाषण करते. माझं ते मराठीतलं एम.ए. कधी तरी उपयोगी पडू दे. वर "उस्ताद" एवढंच ठेवते. पप्पांना कुठंच अडायला होणार नाही.

अर्जुना: हां. तसंच लिही.

बनुबाई: न्हाई. नाव पायजे.

स्वप्नाली: आत्या, आत्ताच तर तुम्ही सांगितलंत.

बनुबाई: सांगितलं म्हनूनच म्हनते. नाव पायजे.

स्वप्नाली: मग मी घेते ना. आधार कार्ड असेल घरात, त्यावर बघते आणि पप्पा बोलायच्या आधी मीच माइकवर सांगते.

बनुबाई: तू न्हाई. अगं, कागदावर नाव हाय, मला ठावं हाय. उद्या भटजी पिंडापाशी बी घील. पर ती हाक न्हवं. माजी सासू हुती तवर वसरीवरनं त्येंना नाव घिऊन हाक मारायची, खालच्या वळनापातुर आयकू जायची. घाटातनं गाडी वर येताना त्येंना आयकू यायची म्हनं. सासू गेली आनि ते नाव बी गेलं. मी घेत न्हाई. पोरं आबा म्हनत्यात. स्टँड उस्ताद म्हनतो. आनि उस्ताद कशानं पडलं? सांग की रं.

अर्जुना: माझ्यापायी.

बनुबाई: ह्याच्यापायी. हा घरात आला, ह्याला नाव घिऊन काका म्हनता यीना, नुसताच वठ हलवत उबा ऱ्हायचा. तर ते म्हनले, मला उस्ताद म्हन, बास. ह्याचं आयकून दुसरी म्हनाय लागली, मग सगळीच. मानसानं सोताचं नाव सुदीक सोडून दिलं ह्याच्यासाठी, आनि कुनाला सांगितलं न्हाई. जित्तेपनी चाललं ते. पर आता जाताना तरी आईबापानं ठिवलेलं नाव मानसांत निगाय पायजे. आनि ते ह्याच्याच तोंडनं.

अर्जुना: वैनी, तुमचं सगळं खरं हाय. पर मला भ्या वाटतंय. उभ्या स्टँडम्होरं अडलो तर नवी पोरं हसतील. माझ्यावर हसू देत, मला त्येचं काय न्हाई. पर म्हणतील, उस्तादांनी एवढी वर्सं शिकवून हेच शिकवलं व्हय? त्येंच्या दहाव्याला त्येंचंच काम वाया गेल्यावानी दिसंल.

बनुबाई: तुला अडू नगंस म्हनून त्येंनी कवा सांगितलं?

अर्जुना: न्हाई सांगितलं.

बनुबाई: मग? अडलास तर थांबायचं. तेवडंच शिकीवलंय त्येंनी तुला.

अर्जुना: आता एकदा म्हणून बघू?

बनुबाई: नगं. हितं चुलीपाशी म्हनलास तर उद्या म्हनशील, झालं आपलं. उद्याच म्हन.

स्वप्नाली: आत्या, मग मी काय लिहू आता?

बनुबाई: मला काय इचारतीस? मला लिवता येतंय व्हय?

स्वप्नाली: तुमच्याकडनं काही सांगायचंय का लोकांना? पप्पा सांगतील.

बनुबाई: माजं काय असतंय. एक हाय. मी कवठे महांकाळची. तिकडं ढग आला तर पोरं बाळं बगायला भाईर येत्यात. हितं आले ती एवड्या पावसात, म्हनलं, ही मानसं जगत्यात कशी. दिवाळीला, मे म्हैन्यात गाडी टुरिस्टाची. मला कवा पॉइंट दावायला सवड न्हाई मिळाली त्येंना. मग पावसाळ्यात न्यायचे. गाडी रिकामीच असायची ना. आनि पावसाळ्यात काय दिसतंय? सगळं धुकं. सोताचा हात दिसायचा न्हाई. मला कठड्यापाशी उबं करायचे आनि सांगायचे, हितं खाली नदी हाय, वळसा घिऊन गेलीय. तकडं डोंगराला सोंड हाय. ह्या बाजूला एक घर हाय, त्येंच्या दारात हिरवी साडी वाळत असती. मी म्हनायची, व्हय, व्हय.

स्वप्नाली: आणि दिसत काहीच नव्हतं?

बनुबाई: काय बी न्हाई. पर टुरिस्टाला वाडवून सांगायचे तसं मला न्हाई सांगायचे. जे हाय ते. एकदा हिवाळ्यात कुनाच्यातरी गाडीतनं मी एकटी गेलते बगायला. खरंच नदी वळसा घिऊन गेल्याली. खरंच दारात साडी हुती. मी परत कवा गेले न्हाई. म्हनलं, आपुन बगितलंय की सगळं. उद्या एवडं सांग रं, अर्जुना. बनुबाईला समदं दिसलं म्हनावं.

अर्जुना: सांगतो, वैनी.

स्वप्नाली: पप्पा, हे मी नीट लिहून देऊ का तुम्हाला? मोठ्या अक्षरात?

अर्जुना: नगं, पोरी. तू लिहून दिलंस तर मी वाचत बसंन. मला बोलायचंय.

(दुसऱ्या दिवशी. पिंडदान उरकून माणसं देवळाच्या सभामंडपात बसली आहेत. अर्जुना माइकपुढं उभा आहे. बनुबाई आणि स्वप्नाली बायकांच्यात पुढं आहेत.)

अर्जुना: नमस्कार मंडळी. थंड हवेच्या महाबळेश्वरात तुमचं मनापास्नं स्वागत हाय. गाडीतनं उतरताना आपलं सामान, लहान पोरं सांभाळा, माकडांना खायला… माफी करा. माफी करा, मंडळी. चार माणसांम्होरं उभा ऱ्हायलो की तोंडात आधी तेच येतंय. हसा, हसा. उस्ताद असते तर त्येंनी बी हसून घेतलं असतं.

स्वप्नाली: पप्पा, बोला पुढं.

अर्जुना: बोलतो. लेकीनं लय ग्वाड भाषण लिहिलं हुतं. वैनींनी आयकलं आन इचारलं, कोण वारलंय. तर मंडळी, कोण वारलंय ते सांगायला मी उभा हाय. तुमी म्हणता, अर्जुनाची टेप लागली की थांबत न्हाई. पर मला बोलता येत नव्हतं. घोडी धरायचो तवा सोताचं नाव सांगताना तोंड वाकडं व्हायचं. मी ठरवलेलं, बोलायचंच न्हाई, घोड्यासंगं ऱ्हायचं. घोडा काय इचारत न्हाई. तिथनं उस्तादांनी मला उचलला. वायपरच्या चालीवर एक एक शब्द काढून घेतला माझ्यातनं. मास्तरकी करायला कुणी सांगितलं नव्हतं त्येंना. त्येंची सोताची दोन येळची भाकरी धड नव्हती, त्यातली अर्धी मला वाढत हुते.

बनुबाई: अर्दी न्हाई रं. त्या वर्साला तूच सगळी खायचास.

अर्जुना: व्हय, वैनी. सगळीच खायचो. आता नव्या पोरांनो, नीट आयका. राबर्ट नावाचा सायब हितं कवा आलाच न्हाई. पाटीवर हाय त्योच खरा. त्या सायबाचं नाव मला घेता येत न्हाई, म्हणून उस्तादांनी नवा सायब तयार केला आन तुमा सगळ्यांच्या तोंडात घातला. म्हंजी मी एकटा खोटा पडू नये. मला हे परवापातुर ठावं नव्हतं. काल कळलं, ह्या वयाला. मानसिंग, मान खाली घालू नगंस. तू गप ऱ्हायलास, तुझे बी उपकार हायत. उद्यापास्नं टुरिस्टाला सांगायचं ते तुमी आपापलं ठरवा. मी तर राबर्टच सांगणार. त्या सायबानं घोडा राखला का न्हाई ते मला ठावं न्हाई. मला राखलं.

बनुबाई: माजा निरोप.

अर्जुना: हां. वैनींचा निरोप हाय. उस्ताद त्येंना पावसाळ्यात पॉइंटवर न्यायचे. धुक्यात. दरी दिसायची न्हाई, मग त्ये सांगायचे आन ह्या आयकायच्या. त्येंनी म्हणायला सांगितलंय, बनुबाईला समदं दिसलं. एवढंच सांगायचं हुतं त्येंचं.

बनुबाई: बरूबर.

अर्जुना: मी आज रडणार न्हाई, मंडळी. रडायला मला काय कमी हाय? मला लेकीला हाक मारता येती. तिचं नाव बी उस्तादांनीच बदललं, मला यावं म्हणून. हॉटेलात च्या सांगता येतो. माणसाला दरी दाखवता येती. मी लय सुखात हाय आन ते सुख कुणी दिलं हे मला बरूबर ठावं हाय. आभार मानायचे तेवढे ऱ्हायले. मानायला लागलो की म्हणायचे, बास रं, गाडी पुसून घे. म्हणून आज ते मधी बोलू शकत न्हाईत तवा मानून घेतो. उस्ताद, तुमचे लय उपकार हायत.

स्वप्नाली: आत्या, पाणी घ्या.

बनुबाई: मला नगं. त्याला दे. आजून त्याचं ऱ्हायलंय.

अर्जुना: पाणी नगं. आता शेवटचं. उस्ताद हे नाव त्येंनी माझ्यासाठी घेतलं. मला त्येंचं खरं नाव घेता यीना म्हणून. ते नाव मी आजवर एकदा बी तोंडातनं काढलेलं न्हाई. तुमच्यातल्या निम्म्यांना ते ठावं बी नसंल. वैनी म्हणाल्या, तुझ्यामुळं गेलं, तूच परत आण. तर मंडळी, आपल्यातनं गेले ते… ज… ज…

स्वप्नाली: पप्पा. आत्या, मी सांगू का?

बनुबाई: गप बस. कुनी मदी बोलू नगा. सावकास, अर्जुना. भाईर एवडा पाऊस हाय, कुनाला कुटं जायचं न्हाई.

अर्जुना: ज… ज…

बनुबाई: आमी हाय.

अर्जुना: ज… जोतिबा.

सभा: चांगभलं.

बनुबाई: आवं, देवाचं न्हवं. आमच्या मालकांचं नाव हाय ते. आनि एकदा म्हन, अर्जुना. मला नुसतं आयकू दे.